जलपर्णी
(केंदाळ, हिं. जलकुंभी, बं. कचुरीपाना, लॅ. पाँटेडेरिया क्रॅसिपेस, कुल-पाँटेडेरिएसी). पाण्यावर मुक्तपणे तरंगणारी ही बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) ओषधी मूळची द. अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील असून माणसाने शोभेसाठी नेल्यामुळे ती जगातील बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांत पसरली आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिउस यांनी १८१७–२० या काळात ब्राझीलमध्ये प्रवास केला आणि १८२३ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८८३ मध्ये तिचा समावेश आयकॉर्निया या प्रजातीत झाला. हे प्रजातिनाम प्रशियाचे शिक्षणमंत्री आयकहॉर्न यांच्यावरून दिलेले होते. २०१८ मध्ये ती पुन्हा पाँटेडेरिया प्रजातीत घेण्यात आली. तथापि आयकॉर्निया क्रॅसिपेस हे जुने नाव अद्याप रूढ आहे.

हिची उंची सर्वसाधारणपणे ३०–६० सेंमी. असते. आखूड खोडावर गुलाबपुष्पाकृती झुबक्यात गोलसर, जाड व चकचकीत पाने येतात. पानांचे देठ मध्यभागी फुगलेले व आतून स्पंजासारखे असून त्यांतील हवेच्या पोकळ्यांमुळे वनस्पती तरंगते. दाट वाढीत मात्र देठ लांबट व कमी फुगीर होतात. पाण्यात लोंबणारी मुळे जांभळट काळी व पिसासारखी असतात. फुलोरा कणिश प्रकारचा असून फुले फिकट जांभळी व आकर्षक असतात. सहा परिदलांपैकी वरच्या परिदलावर निळ्या कडेचा पिवळा ठिपका असतो. केसरदले सहा, तीन लांब व तीन आखूड. फुले कोमेजल्यावर फुलोऱ्याचा दांडा वाकून पाण्यात जातो व बोंडातील बारीक बीजे तळाशी गाळात पडतात, ती सु. २० वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतात.

किंजलाच्या लांबीनुसार हिच्यात तीन प्रकारची फुले आढळतात; परंतु आखूड किंजलाचा प्रकार फक्त द. अमेरिकेत असून इतरत्र मुख्यतः मध्यम किंजलाचाच प्रकार दिसतो. थोड्याच रोपांपासून शाकीय पद्धतीने (लैंगिक प्रजोत्पादनाशिवाय) झालेल्या प्रसाराची ही खूण होय. प्रत्येक रोपापासून धावते खोड निघून त्याच्या टोकाशी नवे रोप तयार होते. ते सुटून प्रवाहाबरोबर दूर जाते. अनुकूल स्थितीत एक-दोन आठवड्यांत रोपांची संख्या दुप्पट होते. १९४८ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका गणनेनुसार दहा रोपांपासून आठ महिन्यांच्या हंगामात ६,५५,३६० रोपे होऊ शकतात. खारे पाणी व गोठविणारी थंडी हिला मानवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुंदर फुलांमुळे हिला उद्याने व हौदांत स्थान मिळाले. न्यू ऑर्लीन्स येथील १८८४–८५ च्या कापूस प्रदर्शनात ही रोपे वाटली गेली व तेथून अमेरिकेत प्रसार झाला, अशी समजूत आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीत जहाजांच्या वाहतुकीस तिचा अडथळा होऊ लागला. १९१० मध्ये लुइझिअ‍ॅनाचे प्रतिनिधी ब्रूसार्ड यांनी जलपर्णी खाण्यासाठी व मांस मिळविण्यासाठी आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले होते. ते संमत झाले नाही. जावातील बोगोर येथील वनस्पतिउद्यानात ती १८९४ मध्ये आणण्यात आली.

बंगालमध्ये जलपर्णीचा प्रश्न राजकीय बनला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे आलेली ही वनस्पती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पूर्व बंगालच्या नद्या, बिले व भातखाचरे यांत पसरली. पुराबरोबर येणारे तिचे थर भाताचे पीक दडपून टाकीत, नावांचे मार्ग अडवीत व मासेमारी बंद पाडीत. जर्मनांनी ती मुद्दाम आणल्याची अफवा पसरून तिला ‘जर्मन पाना’ म्हटले जाई. युद्धामुळे जर्मन पोटॅशची आवक थांबल्यावर तिच्या राखेतून पोटॅश मिळविण्याचाही विचार झाला. ब्रह्मदेशात १९१७ मध्ये व आसामात १९२६ मध्ये तिच्याविरुद्ध कायदे झाले. बंगाल सरकारने १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. परंतु विषारी फवारणी करावी की आधी संशोधन करावे, यावर मतभेद राहिले. अखेर १९३६ च्या कायद्याने आपल्या ताब्यातील जमिनीत वा पाण्यात जलपर्णी राहू देण्यास मनाई केली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णी-निर्मूलन हे प्रमुख पक्षांचे आश्वासन होते व फझलूल हक यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, लोकसहभागाने ‘जलपर्णी सप्ताह’ पाळण्यात आला. रेल्वे व रस्त्यांच्या भरावांमुळे पाण्याचा निचरा अडून या वनस्पतीला आयते क्षेत्र मिळाले होते, याकडे इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे. कायद्याचा भार मात्र ते भराव घालणाऱ्यांवर न पडता पाणथळ जमीन कसणाऱ्यांवर पडला.

आफ्रिकेत काँगो नदीत १९५० नंतरच्या दशकात व सूदानमधील श्वेत नाईलमध्ये १९५८ मध्ये तिचा उपद्रव जाणवू लागला. १९८९ च्या सुमारास ती व्हिक्टोरिया सरोवरात दिसली आणि १९९८ च्या सुमारास तिने सु. २०,००० हे. क्षेत्र व्यापले. मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्यालाच अडकून पडल्या, तसेच जलविद्युत् केंद्राच्या कामात व्यत्यय आला. द. अमेरिकेतील निओकेटिना प्रजातीचे दोन भुंगेरे तेथे सोडण्यात आले. त्यांचा उपद्रव आणि १९९७–९८ मधील एल निनोच्या काळातील वादळी, ढगाळ हवामान यांमुळे तिचे क्षेत्र झपाट्याने घटले. पुढे काही भागांत ती पुन्हा वाढली. भारतात हेच भुंगेरे १९८२-८३ मध्ये बंगलोर येथे आणण्यात आले व तेथील तलावांत त्यांचा उपयोग झाला. यूरोपीय संघाने २०१६ मध्ये तिच्या विक्रीवर व लागवडीवर बंदी घातली.

महाराष्ट्रात पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, पंचगंगा व उल्हास या नद्यांत जलपर्णी विपुल आढळते. तिच्या दाट थराखाली प्रकाश व ऑक्सिजन कमी पडून जलचर मरतात. मॅन्सोनिया डासांच्या अळ्या तिच्या मुळांना चिकटून वाढतात व हे डास हत्तीरोगाचा प्रसार करतात. वनस्पतीत सु. ९५% पाणी असल्याने ती काढून वाहून नेणे खर्चाचे पडते. काढलेल्या जलपर्णीपासून कंपोस्ट खत, बायोगॅस व विणकामाच्या वस्तू करतात. बांगला देशात तिच्या थरांचे तराफे करून भाजीपाला पिकवितात. या तरंगत्या शेतीला २०१५ मध्ये अन्न व शेती संघटनेने कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

जलपर्णीच्या मुळांना पाण्यातील नायट्रोजन, फॉस्फरस व काही जड धातू शोषून घेता येतात. म्हणून सांडपाणी शुद्धीकरणासाठीही तिचा उपयोग करतात. याच गुणधर्मामुळे सांडपाण्याने पुष्ट झालेल्या संथ पाण्यात ती सर्वांत जलद वाढते. नदीत मैलापाणी येत राहिले व प्रवाह रोडावलेला असला, तर यंत्राने स्वच्छ केलेले पात्र उरलेल्या थोड्या रोपांपासून व गाळातील बीजांपासून काही महिन्यांत पुन्हा भरते. त्यामुळे जलपर्णी काढण्याच्या उपायांना सांडपाण्याच्या प्रक्रियेची जोड मिळाल्याखेरीज ते टिकाऊ ठरत नाहीत.