कामगारांचे प्रौढशिक्षण व भाषाप्रशिक्षण, नागपूरमधील

कामगारांचे प्रौढशिक्षण व भाषाप्रशिक्षण, नागपूरमधील : शाळेचे वय उलटून गेलेल्या, नोकरी वा मजुरी करणाऱ्या स्त्री-पुरुषांना कामाच्या जागी, कामगार वस्तीत किंवा संघटनेमार्फत दिले जाणारे लेखन, वाचन, अंकज्ञान, कामगार कायद्यांची माहिती आणि कामकाजाची भाषा यांचे शिक्षण. नागपुरात या कामाचे तीन प्रवाह दिसतात : गिरणी व विडी कामगारांच्या वस्त्यांमधील रात्रशाळा, केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाचे वर्ग आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे मराठी-हिंदीचे प्रशिक्षण. त्यांच्यात अभ्यासक्रमाचा फरक आहेच. पण शिकण्याचा वेळ कोणी द्यायचा, कामगाराने की मालकाने, या प्रश्नाचे प्रत्येकाने दिलेले उत्तर अधिक वेगळे आहे.

पूर्वपीठिका : जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस पिकवणाऱ्या मुलखात उभी राहिलेली ही गिरणी आणि पुढे तिच्या जोडीला आलेली मॉडेल मिल यांमुळे शहरात मोठा कामगारवर्ग तयार झाला. आसपासच्या खेड्यांतील शेतमजूर, विणकरी करणारे कोष्टी, महार कुटुंबे आणि छत्तीसगडकडून आलेले मजूर यांचा त्यात भरणा होता. यांतील बहुतेकांनी शाळा पाहिलेली नव्हती. दलित कुटुंबांना तर तिचे दार जातीनेच बंद केले होते.

गिरणीत मात्र पावलोपावली कागद होता : हजेरी, पगारपत्रक, दंडाची नोंद, रजेचा अर्ज. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मालकाच्या दंड करण्याच्या अधिकाराला लगाम घातला. ज्या चुकांबद्दल दंड होऊ शकतो, त्यांची मंजूर यादी कामाच्या जागी लावणे बंधनकारक झाले आणि यादीबाहेरच्या चुकीला दंड करता येईना. हे संरक्षण कागदावर होते. यादी वाचता न येणाऱ्याला मुकादम सांगेल तोच कायदा मानावा लागे. त्यामुळे अक्षरओळखीचा प्रश्न नागपूरच्या कामगार वस्त्यांत पगाराशी आणि संघटनेशी जोडलेला राहिला.

रात्रशाळा आणि वस्तीतील शिक्षण : महाराष्ट्रात श्रमिकांच्या रात्रशाळेची परंपरा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी काढलेल्या शाळेपासून सांगितली जाते. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालवली. नागपुरात हे काम मुख्यतः दलित चळवळीने उचलले. मोहप्याचे किसन फागूजी बनसोड यांनी शाळा व वाचनालये काढली, स्वतःचा छापखाना घातला आणि १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ सुरू केली. नव्याने वाचायला शिकलेल्या मजुराच्या हाती त्याच्याच जगण्याविषयीचे वाचन पडावे, ही गरज या पत्राने भागवली. नागपूर-कामठी मार्गावर ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरी मोठ्या कष्टाने शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२० च्या दशकात त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा उभी केली.

कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४–३९) यांनी १९२७ मध्ये तेथे रात्रशाळा सुरू केली. विडी मजुरांची संघटना बांधण्यातही ते पुढे होते. विडीच्या धंद्यात ही दोन्ही कामे एकमेकांना पूरक ठरतात. पाने व तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी नगावर ठरते. पाने किती दिली, विड्या किती घेतल्या आणि खराब म्हणून किती बाजूला काढल्या, याची नोंद ठेकेदार करतो. हजारापर्यंतचे आकडे आणि साधी वजाबाकी येत असेल, तर ही नोंद जागच्या जागी तपासता येते. पुढे १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा विडी कामगार कल्याण निधी कायदा आला. त्यांचे लाभ ओळखपत्र व अर्ज यांवर अवलंबून असल्याने लिहिता-वाचता येण्याला आणखी एक व्यावहारिक कारण मिळाले.

मालकांच्या बाजूनेही काही काम झाले. एम्प्रेस मिलच्या कामगार वस्त्यांत १९२० च्या दशकात वायएमसीएमार्फत कल्याणकार्य चालवले गेले. त्यात रात्रीचे वर्ग, खेळ व आरोग्यविषयक व्याख्याने यांचा समावेश होता. पण रात्रशाळा संघटनेची असो, समाजाची असो की मालकाने खर्च उचललेली असो, तिचा वेळ कामगाराच्या विश्रांतीतूनच येत असे. पाळी बदलली की पट बदले, आणि घरकाम अंगावर असलेल्या स्त्रियांना तर रात्रीची वेळ सर्वांत अडचणीची ठरे.

केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ : दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६–६१) केंद्र सरकारने कामगार शिक्षणाची देशव्यापी योजना हाती घेतली. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नेमलेल्या तज्ज्ञगटाने १९५७ मध्ये तिचा आराखडा दिला, भारतीय श्रम परिषदेत त्यावर चर्चा झाली आणि १६ सप्टेंबर १९५८ रोजी केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ ही नोंदणीकृत संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला आले. उत्तर अंबाझरी मार्गावरील इमारत ही शहरातील तिची परिचित ओळख. शासन, मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना अशा तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी मंडळावर असतात.

मंडळाची मूळ रचना तीन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर शिक्षणाधिकारी निवडून त्यांना प्रशिक्षण दिले जाई. हे अधिकारी प्रादेशिक केंद्रांवर कामगार-शिक्षक घडवत. संघटनांनी सुचवलेले, प्रत्यक्ष यंत्रावर काम करणारे कामगार पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी येत. सुरुवातीच्या काळात हे प्रशिक्षण तीन महिन्यांचे होते. मालकाने त्यांना कामावरून मोकळीक द्यावी आणि त्यांचा पगार चालू ठेवावा, अशी योजना होती. तिसऱ्या पायरीवर हे कामगार-शिक्षक आपल्या कारखान्यात परतून सहकाऱ्यांचे वर्ग घेत. संघटनेचा कारभार, सामुदायिक वाटाघाटी, कामगार कायदे, उत्पादकता, घरखर्चाचा हिशेब असे विषय त्यांत असत. व्याख्यानापेक्षा चर्चा, वादविवाद, भूमिकानाट्य आणि इतर कारखान्यांच्या भेटी यांवर भर असे. वर्गाची भाषा प्रादेशिक होती. वरच्या स्तरावरील प्रशिक्षणासाठी १९७० मध्ये मुंबईत भारतीय कामगार शिक्षण संस्था स्थापन झाली. मंडळाच्या प्रादेशिक केंद्रांची संख्या पुढे पन्नासवर गेली. नागपुरातही असे एक केंद्र आहे.

पगारी मोकळीक हे या योजनेचे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सवेतन शैक्षणिक रजेचा करार (क्र. १४०) १९७४ मध्ये स्वीकारला; नागपूरहून चालणाऱ्या योजनेने मर्यादित प्रमाणात का होईना, ही कल्पना त्याआधीच व्यवहारात आणली होती. मात्र तिचा फायदा मुख्यतः संघटित कारखान्यातील, संघटनेत सक्रिय आणि आधीच लिहिता-वाचता येणाऱ्या कामगाराला झाला.

कार्यात्मक साक्षरता : निरक्षर कामगार या रचनेबाहेर राहतो, ही उणीव १९७० च्या दशकात ठळक झाली. साक्षरता शिकणाऱ्याच्या कामधंद्याशी जोडावी, हा विचार युनेस्कोच्या १९६५ च्या तेहरान परिषदेनंतर जगभर पसरला होता. मुंबईत वरळीला १९६७ मध्ये सुरू झालेले श्रमिक विद्यापीठ त्याच विचारातून निघाले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मंडळानेही निरक्षर कामगारांसाठी कार्यात्मक साक्षरतेचे वर्ग घेतले, आणि १९७७-७८ पासून शेतमजूर, कारागीर व इतर ग्रामीण श्रमिकांसाठी शिबिरे सुरू केली. विदर्भासारख्या शेतमजुरांच्या प्रदेशात या विस्ताराला विशेष अर्थ होता. तरी अल्पमुदतीच्या शिबिरात हक्क व योजना यांची माहिती देता येते, अक्षरे गिरवून हाती बसवता येत नाहीत. त्यासाठी महिनोन्‌महिने चालणारा वर्ग लागतो. माहिती देणे आणि वाचायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांची गल्लत हा कामगार शिक्षणातील जुना दोष आहे.

भाषेचा प्रश्न : १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि तेथे मराठी व हिंदी दोन्ही कारभाराच्या भाषा होत्या. भाषावार प्रांतरचनेनंतर शहर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. कामगार वस्त्यांतील बोली मात्र मिश्रच राहिली. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉयल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालये नागपुरात असून त्यांच्या खाणी महाराष्ट्र व मध्य प्रदेश अशा दोन्ही राज्यांत आहेत. हिंगणा व बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींत मराठी कामगारांच्या शेजारी मध्य प्रदेश, छत्तीसगड, बिहार व उत्तर प्रदेशातील कामगार असतात.

कायद्याने या बहुभाषिकतेची काही दखल घेतली. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यानुसार सेवाशर्ती, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार कायद्याचा गोषवारा, इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक होते. हे कायदे संसदेने २०१९-२० मध्ये संमत केलेल्या चार श्रमसंहितांत विलीन करण्यात आले. ‘बहुसंख्यांची भाषा’ या निकषात दोन गट सुटतात : ज्यांची भाषा त्या कारखान्यात अल्पसंख्य आहे ते, आणि जे कोणतीच भाषा वाचू शकत नाहीत ते. खाणकामात १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी नव्या कामगाराला प्रशिक्षण देणे बंधनकारक केले. तेथे तोंडी समजावणे आणि प्रत्यक्ष करून दाखवणे यांना मोठे महत्त्व आहे, कारण सुरक्षेची सूचना उशिरा कळून चालत नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात आशियाई कामगारांसाठी कारखान्यातच, कामाच्या वेळेत इंग्रजी शिकवण्याची सरकारी मदतीची व्यवस्था होती. परप्रांतीय औद्योगिक मजुराला स्थानिक भाषा शिकवण्याची त्या तोडीची व्यवस्था नागपुरात रुजली नाही; तो मराठी शिकतो ती सोबत्यांकडून, घरमालकाकडून आणि बाजारातून.

कर्मचाऱ्यांचे भाषाप्रशिक्षण : कार्यालयीन नोकरांसाठी मात्र पक्की चौकट आहे. राज्य शासनाच्या सेवेतील अमराठी अधिकारी-कर्मचाऱ्यांना ठरावीक मुदतीत मराठी भाषा परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण न झाल्यास वेतनवाढ रोखली जाऊ शकते. १९६० मध्ये स्थापन झालेले भाषा संचालनालय या परीक्षा घेते आणि त्याचे विभागीय कार्यालय नागपुरात आहे. केंद्र सरकारच्या हिंदी शिक्षण योजनेत प्रबोध, प्रवीण व प्राज्ञ असे टप्पे असून २०१५ पासून त्यांना पारंगतची जोड मिळाली. हे वर्ग कार्यालयीन वेळेत होतात आणि उत्तीर्ण होणाऱ्याला रोख पुरस्कार व एका वेतनवाढीइतके वैयक्तिक वेतन वर्षभर मिळण्याची तरतूद आहे. वेळ, परीक्षा आणि मोबदला या तिन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. निरक्षर मजुरासाठी त्या कधीच एकत्र आल्या नाहीत.

सद्यस्थिती : एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. कायम नोकरी, मान्यताप्राप्त संघटना आणि एका छताखालचे हजारो कामगार या तीन गोष्टींवर कारखान्यातील वर्ग उभा होता. गिरण्यांबरोबर तो पाया खचला. मंडळाचा भर त्यामुळे असंघटित क्षेत्राकडे सरकला. आर्वी येथे जन्मलेले, भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी (१९२०–२००४) यांचे नाव मंडळाला देण्यात आले असून ते आता दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ म्हणून ओळखले जाते. श्रमिक विद्यापीठांचे २००० मध्ये जनशिक्षण संस्थान असे नामांतर झाले. २०१८ मध्ये ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली आणि शिवण, सौंदर्यसेवा, वीजकाम अशा अभ्यासक्रमांवर त्यांचा भर राहिला. नागपुरातही असे संस्थान आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार विभाग चालतो.

साक्षरतेचे काम सध्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमातून (२०२२–२७) होते. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची चाचणी असते. महाराष्ट्रात अशी पहिली राज्यव्यापी चाचणी मार्च २०२४ मध्ये झाली. हा कार्यक्रम शाळा हा घटक धरून राबवला जातो. कारखाना, खाण किंवा बांधकामाची जागा हा त्याचा घटक नाही. कंत्राटी मजुराची नोंद आता मोबाइलवर आणि पोर्टलवर होते : ई-श्रम कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, बांधकाम मजुराची नोंदणी. अंगठा उमटवण्याची जागा अनेकदा सेवाकेंद्रचालकाच्या मदतीने घेतली आहे. परावलंबन तेच राहिले, आणि शिकण्यासाठी कामाच्या तासांतून वेळ मिळावा ही मागणी कंत्राटी मजुरांच्या बाबतीत अजून वाटाघाटीच्या टेबलापर्यंतही क्वचितच पोचते.