ला बूर्दोनेचा शब्द: मद्रास, १७४६

ला बूर्दोनेबद्दल बोलताना लोक बहुधा त्याच्या लढाया सांगतात. मला त्याच्या एका तहाविषयी बोलायचं आहे.

१६९९ साली सेंट-मालो या बंदरात जन्मलेला हा माणूस फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर कप्तान झाला. १७२५ मध्ये मलबारातलं माहे घेण्यात तो होता. मधे काही काळ पोर्तुगीजांची चाकरी, आणि १७३५ पासून मॉरिशस व रियुनियन या बेटांची गव्हर्नरी. मॉरिशसचं पोर्ट लुई बंदर त्यानं बांधलं असं आपण म्हणतो. दगड वाहिले ते गुलामांनी, हे विसरू नका. कारण पुढे प्रश्न इज्जतीचा येणार आहे.

१७४६ मध्ये तो आरमार घेऊन कोरोमंडल किनाऱ्यावर आला. नागापट्टणमजवळ इंग्रज आरमाराशी झुंजला आणि सप्टेंबरात त्यानं मद्रास घेतलं. आता अडचण बघा. मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं, जहाजं उघड्या समुद्रात नांगरायची. ऑक्टोबरात वारा फिरतो, वादळं येतात. शहर राखत बसायला त्याला सवडच नव्हती. म्हणून त्यानं ठरवलं की इंग्रजांनी ११ लाख पगोडे, म्हणजे आपले होन, द्यावेत आणि शहर परत घ्यावं.

पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले म्हणाला, इथे अधिकार माझा, असा शब्द तुला देताच येत नाही. आणि स्वतः डुप्लेनं तेच मद्रास अर्काटच्या नवाब अन्वरुद्दीनला कबूल केलं होतं! एका शहराबद्दल दोघांनी दोघांना शब्द दिलेले, आणि शहरातल्या विणकरांना, दुभाष्यांना कोणी विचारलेलंसुद्धा नाही.

मला डुप्लेचं म्हणणं पटत नाही. शहर शरण आलं ते ला बूर्दोनेच्या तोफांना. समोरच्यानं त्याचं अधिकारपत्र तपासायचं कसं? हां, त्यानं यात खासगी पैसे खाल्ले असा आरोप होता. तो खरा असेल तर मात्र माझा युक्तिवाद लंगडा पडतो, कारण मग तो शब्द विकत घेतलेला ठरतो.

वाद चालू असतानाच ऑक्टोबरच्या मध्यावर वादळ आलं आणि त्याच्या आरमाराची वाताहत झाली. मद्रास पाँडिचेरीकरांच्या हवाली करून तो निघून गेला. डुप्लेनं तह मोडला. नवाबालाही शहर दिलं नाही. उलट त्याच्या फौजेला अड्यारपाशी पिटाळलं. इकडे, तुम्हीच तह मोडलात तर आमच्यावरही बंधन नाही, असं म्हणून कैदेतले काही इंग्रज वेषांतर करून सेंट डेव्हिड किल्ल्याकडे निसटले. त्यांत कंपनीचा एकवीस वर्षांचा एक कारकून होता, रॉबर्ट क्लाइव्ह.

ला बूर्दोने फ्रान्सला परतला तो थेट बास्तीच्या तुरुंगात. १७५१ मध्ये निर्दोष सुटला, १७५३ मध्ये वारला. मद्रास मात्र तो तुरुंगात असतानाच, १७४८ च्या युरोपातल्या तहात, इंग्रजांना परत मिळालं होतं. बदल्यात फ्रेंचांना कॅनडाकडचा लुईबूर हा किल्ला मिळाला. ते ११ लाख होन कोणी मागितले नाहीत.