अल्फा-१ अँटिट्रिप्सिन : ३९४ अमिनो आम्लांच्या अनुक्रमाचा इतिहास

मानवी रक्तद्रवातील प्रथिनांच्या अभ्यासात १९६३ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरले. स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल व स्टेन एरिकसन यांनी सुमारे १५०० रक्तनमुन्यांचे इलेक्ट्रोफोरेसिस तपासले असता पाच नमुन्यांत अल्फा-१ गटाचा पट्टा जवळजवळ नाहीसा आढळला. त्यांपैकी तिघांना फुप्फुसाचा विकार होता. हरवलेले प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ट्रिप्सिनला ते रोखते म्हणून त्यास हे नाव मिळाले. वस्तुतः शरीरातील त्याचे प्रमुख कार्य श्वेतपेशींतून बाहेर पडणाऱ्या इलॅस्टेज या विकराला आवर घालण्याचे आहे. तो आवर नसल्यास फुप्फुसातील लवचिक तंतू झिजत जातात आणि धूम्रपान करणाऱ्यांत ही झीज अधिक वेगाने होते.

प्रथिन कमी आहे हे कळले, तरी ते का कमी आहे हे कळण्यासाठी त्याची रचना वाचणे आवश्यक होते. फ्रेडरिक सँगर यांनी अनुक्रम लावलेल्या इन्शुलिनमध्ये अमिनो आम्ले ५१. येथे ती ३९४ आणि त्यांवर तीन शर्करा-शृंखला. पेर एडमन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीत साखळीच्या एका टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सुटे करून ओळखले जाते. परंतु प्रत्येक फेरीत थोडी तूट येत असल्याने एवढी दीर्घ साखळी सलग वाचता येत नाही. म्हणून प्रथिनाचे तुकडे करावे लागतात. सायनोजेन ब्रोमाइड ते मेथिओनिनपाशी तोडते, तर ट्रिप्सिन लायसिन व आर्जिनिननंतर. निरनिराळ्या रीतींनी मिळालेल्या तुकड्यांतील सामाईक भाग जुळवून मूळ क्रम ठरतो. ज्याला रोखणे हे या प्रथिनाचे नाव सांगते, तेच ट्रिप्सिन, प्रथिनाची घडी उलगडल्यानंतर, त्याच्या वाचनाचे साधन झाले, हा योगायोग मौजेचा आहे.

संपूर्ण अनुक्रम हाती येण्यापूर्वीच या मार्गाने मोठे फळ मिळाले. गंभीर कमतरतेस कारणीभूत असणाऱ्या 'झेड' प्रकारात एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन आल्याचे १९७६ मध्ये दाखविण्यात आले. हे स्थान पुढे ३४२ वे ठरले. साखळीतील एकच घटक बदलला होता. त्यामुळे प्रथिनाची घडी बिघडून ते यकृतपेशींतच साचते व रक्तात अल्प प्रमाणात उतरते. काही रुग्णांत फुप्फुसाबरोबर यकृतही का बिघडते, याचा उलगडा येथून सुरू झाला. एका रेणूचे दुसऱ्यात घुसून साखळ्या बनविणे डेव्हिड लोमस, रॉबिन कॅरेल व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले. रक्तद्रवापासून वेगळे केलेले प्रथिन रुग्णास देण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली होती. परंतु तो फुप्फुसांसाठी होय, यकृतात साचलेल्या प्रथिनावर त्याचा इलाज चालत नाही.

दरम्यान तुलनेचा मार्ग खुला झाला होता. डेन्मार्कमधील आरहुस येथील गटाने १९७९ मध्ये अँटिथ्रॉम्बिनचा ४३२ घटकांचा अनुक्रम दिला. १९८० मध्ये लोइस हंट व मार्गारेट डेहॉफ यांनी अँटिथ्रॉम्बिन, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणि कोंबडीच्या अंड्यातील ओव्हाल्ब्युमिन यांतील साम्य निदर्शनास आणले. यांतील ओव्हाल्ब्युमिन तर कोणत्याही विकराला रोखत नाही! असे कुल केवळ कार्याच्या निरीक्षणातून सापडणे कठीणच होते. १९८५ मध्ये कॅरेल व जेम्स ट्रॅव्हिस यांनी त्यास 'सर्पिन' हे नाव दिले.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील कॅरेल यांचा गट व माल्मोचे संशोधक यांनी १९८२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात संपूर्ण रचना मांडली. त्यानुसार ३५८ व्या स्थानावरील मेथिओनिन हे रोधनाचे केंद्र होय. धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्यांनी हाच घटक निकामी होतो. या स्थानाचे महत्त्व पुढच्याच वर्षी एका दुःखद उदाहरणातून सिद्ध झाले. रक्तस्रावाच्या विकाराने मृत्यू पावलेल्या पिट्सबर्ग येथील १४ वर्षांच्या मुलाच्या प्रथिनात त्या जागी आर्जिनिन आढळले. अँटिथ्रॉम्बिनच्या केंद्रस्थानीही आर्जिनिनच असते. मुलाचे अँटिट्रिप्सिन इलॅस्टेजऐवजी रक्त गोठविणाऱ्या थ्रॉम्बिनलाच रोखू लागले होते.