मुष्टियुद्ध, पे-पर-व्ह्यू आणि अमेरिकन प्रेक्षक

अमेरिकेत मुष्टियुद्धाच्या मोठ्या लढती घरी पाहण्यासाठी नेहमीच्या वर्गणीव्यतिरिक्त वेगळी रक्कम मोजण्याची, म्हणजेच 'पे-पर-व्ह्यू'ची, पद्धत अनेक दशके रूढ आहे. त्यामुळे किती घरांनी पैसे भरले, यावर मुष्टियोद्ध्याचे मोल ठरते. केवळ कौशल्य तेथे पुरे पडत नाही. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता आंद्रे वॉर्ड आणि सर्गेई कोवालेव्ह नोव्हेंबर २०१६ मध्ये लास व्हेगास येथे भिडले, तेव्हा दोघेही अपराजित होते. तरीही ही लढत सुमारे १ लाख ६० हजार घरांनीच विकत घेतली.

ऑस्कर डे ला होयाची गोष्ट निराळी. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील सुवर्णपदकाबरोबरच अमेरिकेतील मेक्सिकन वंशाचा मोठा समाज त्याच्या पाठीशी होता. फ्लॉइड मेवेदरशी त्याची लढत ५ मे २००७ रोजी, म्हणजे या समाजाच्या उत्सवाच्या दिवशीच, ठेवण्यात आली. तत्पूर्वी 'एचबीओ' वाहिनीने दोघांचा सराव व खासगी आयुष्य दाखवणारी मालिका प्रसारित केली. सुमारे २४ लाख घरांनी लढत विकत घेतली.

मेवेदरने त्या मालिकेत खलनायकाची भूमिका आनंदाने वठवली. नोटांची पुडकी मिरवणारा हा उद्दाम माणूस एकदा तरी हरावा, या आशेने पैसे भरणारेही पुष्कळ होते. वस्तुतः त्याची शैली बचावात्मक, सामान्य प्रेक्षकाला कंटाळवाणी वाटावी अशीच. तरीही २ मे २०१५ रोजी मॅनी पॅकियाओविरुद्धची त्याची लढत सुमारे ४६ लाख घरांनी घेतली आणि ४० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न झाले. या लढतीची प्रतीक्षा पाच वर्षांहून अधिक काळ चालली होती.