तास ९६

बाळ आणि कुटुंब काल्पनिक आहेत. वेळेवर उपचार न झालेली नवजात बाळाची तीव्र कावीळ मात्र अशीच वाढू शकते. शेवट असू शकतो कर्निक्टेरस, म्हणजे बिलिरुबिनने मेंदूला केलेली कायमची इजा.

गुरुवार, रात्री ११.४०. तास ०. हिंजवडी. ३५ आठवड्यांत जन्मलेलं बाळ, वजन २१५० ग्रॅम. आईचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. बाळाचा तपासला जात नाही.

शनिवार, दुपारी ३.४०. तास ४०. चेहरा पिवळसर. "होतंच असं." रक्त न तपासताच डिस्चार्ज. कागदावर: पाच दिवसांनी दाखवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळात बिलिरुबिन सहसा पाचव्या ते सातव्या दिवशी सर्वांत वर जातं.

रविवार, सकाळी १०.००. तास ५८. बाळ दोन घोट ओढून झोपतं. दूध कमी, म्हणून शी कमी. आतड्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात. घरात मात्र समाधान आहे: किती शांत आहे! आजी त्याला खिडकीतल्या उन्हात धरते. उन्हाची समजूत निराधार नाही. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड यांनी दाखवलं, की उन्हात राहिलेल्या बाळाचा पिवळेपणा उतरतो, झाकलेल्या भागाचा राहतो. प्रकाशोपचाराची सुरुवात तिथली. पण त्याला ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश, उघडं अंग आणि सलग तास लागतात. झबल्याला डांबरगोळ्यांचा वास आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. तीही तपासणी झालेली नाही.

सोमवार, सकाळी ८.४०. तास ८१. पोट, मांड्या पिवळ्या. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या तक्त्यात ३५ आठवड्यांसाठी, ७२ तासांनंतर, प्रकाशोपचाराची रेषा डेसिलिटरला १४.६ मिलिग्रॅम, रक्तबदलाची २०.५. घरात आकडाच नाही. डॉक्टरांचं फोनवर उत्तर: संध्याकाळी आणा.

संध्याकाळी ६.१५. बाबा ऑफिसातून निघालेले नाहीत. उद्या नेऊ.

रात्री ९.४०. तास ९४. रडणं चिरकं. मान मागे, पाठ कमानीसारखी. गाडी वाकडच्या रुग्णालयाच्या दिशेने.

रात्री ११.४०. तास ९६. बिलिरुबिन २७. दिवे लागतात. रक्तबदलाला सुमारे साडेतीनशे मिली रक्त हवं. जुळवणी व्हायची आहे.

पहाटेपर्यंत आकडा उतरेल. मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येणार नाहीत. पुढे हातपाय मनाविरुद्ध वळतील, कदाचित ऐकूही येणार नाही.

डिस्चार्जच्या कागदावर बिलिरुबिनचा आकडा आणि पुढच्या तपासणीची वेळ नसेल, तर दोन्ही लिहून मिळेपर्यंत बाळाला घरी नेऊ नका.