फुलांची खोली

ह्या महोत्सवी अंकांत आपल्या मंदिराच्या बांधणीचा, घंटेचा व शाळेचा इतिहास इतरांनीं लिहिला आहे. आम्ही ज्या विषयावर चार शब्द लिहिणार आहों, त्याची नोंद धर्मग्रामाच्या कोणत्याच वहींत नाहीं. तथापि दारूनें आपल्यांतील किती घरें धुळीस मिळविलीं, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

दारू सोडूं इच्छिणाऱ्यानें जावें कोठें? पूर्वीं ह्यास एकच उत्तर होतें, तें म्हणजे धर्मगुरूपुढें शपथ. आयर्लंडांत कॉर्क शहरीं १८३८ सालच्या एप्रिलांत कपूचिन संघाचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू ह्यांनीं मद्यत्यागाची चळवळ आरंभिली व लक्षावधि लोकांनीं शपथ घेतली. पुढें दुष्काळ आला, १८५६ सालीं फादर निवर्तले, आणि त्या लाटेस ओहोटी लागली. शपथ घेणारा घरीं गेल्यावर एकटाच असे, हेंच त्या रीतींतील वैगुण्य होय असें आमचें मत आहे.

पुढची पायरी अमेरिकेंत, ओहायो प्रांतांतील अ‍ॅक्रन ह्या रबराच्या कारखान्यांच्या शहरीं पडली. न्यूयॉर्कचे विल्यम विल्सन हे शेअरबाजारांतील गृहस्थ. दारू सोडून त्यांस उणेपुरे पांच महिने झाले होते. १९३५ च्या मे महिन्यांत एका व्यवहारासाठीं ते तेथें आले आणि व्यवहार फिसकटला. शनिवारचा दिवस, मेफ्लॉवर हॉटेलचा दिवाणखाना. एका टोकास गुत्त्यांतला हंशा, दुसऱ्या टोकास टेलिफोन व शहरांतील चर्चची यादी. विल्सन यादीकडे वळले. एपिस्कोपल पंथाचे पाद्री वॉल्टर टंक्स ह्यांस त्यांनीं टेलिफोन केला. परंतु ‘मला वांचवा’ असें न म्हणतां, माझ्यासारख्याच एखाद्या दारुड्याशीं माझी गांठ घालून द्या, अशी विनंति केली. टंक्स ह्यांनीं दहा नांवें दिलीं. बहुतेकांकडून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. शेवटीं हेन्रीएटा सायबर्लिंग ह्या बाईंचा पत्ता लागला. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांच वाजतां त्यांच्या घरीं विल्सन व डॉक्टर रॉबर्ट स्मिथ ह्यांची भेट झाली. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाहीं असें डॉक्टरांनीं बजावलें होतें; उठले तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते. डॉक्टर पुढें एकदां घसरले, परंतु १० जून १९३५ नंतर प्यालेच नाहींत. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ह्या संघाचा जन्मदिवस मानितात.

त्याच शहरीं सेंट थॉमस इस्पितळांत रोग्यांची नोंद करण्याचें काम सिस्टर इग्नेशिया ह्यांजकडे होतें. जन्मानें आयरिश, मूळच्या संगीतशिक्षिका. प्रकृति ढासळल्यामुळें त्यांस ह्या मेजावर बसविलें होतें. दारुड्यास खाट देण्यास त्या काळीं इस्पितळें सहसा राजी नसत. १९३९ च्या ऑगस्टांत डॉक्टर स्मिथ ह्यांनीं आणिलेला एक मनुष्य सिस्टरनीं ‘जठरदाह’ अशी नोंद करून आंत घेतला. (ही नोंद नीतिशास्त्रांत बसते काय, असें सेमिनरींतील आमच्या गुरुजींनीं नक्कीच विचारलें असतें. त्या मनुष्याचें जठर निरोगी असणें शक्य नव्हतें, इतकें म्हणून आम्ही पुढें जातों.) सोबत्यांस त्याच्याशीं एकांतांत बोलतां यावें म्हणून, रोग्यांसाठीं आलेलीं फुलें जेथें नीट लावून ठेवीत, त्या लहानशा खोलींत त्याची खाट सरकविण्यांत आली. पुढें सिस्टर घरीं जाणाऱ्या प्रत्येकास येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला देत. पुन्हां प्यावयाचें झाल्यास आधीं तो परत आणून द्यावा, ही अट. म्हणजे शपथ होतीच, पण ती मोडण्यापूर्वीं एका माणसास तोंड दाखवावें लागे.

आपल्या प्रांतांत वांद्रें येथें फादर जो परेरा ह्यांनीं १९८१ सालीं कृपा फाउंडेशन स्थापिलें. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्यांच्या प्रयत्नांनीं मुक्तांगण निघालें. अ‍ॅनॉनिमस संघाच्या मराठी सभाही ठिकठिकाणीं भरतात.

आम्ही नव्यानें धर्मगुरु झालों तेव्हां एका गृहस्थास आम्हीं वेदीपुढें तीनदां शपथ दिली. चौथ्यांदा ते आले नाहींत. शेजारच्या धर्मग्रामाच्या शाळेंत दर गुरुवारीं अशी सभा भरते, हें आम्हांस त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीं कळलें. तोंपर्यंत आम्हीं कोणास विचारलेंच नव्हतें.

म्हणून येथें लिहून ठेवतों. सभेस ठराविक वर्गणी नाहीं, आडनांव सांगावें लागत नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. खुल्या सभेस कोणासही बसतां येतें. बंद सभा पिणाऱ्यांचीच. घरच्या माणसांसाठीं १९५१ सालापासून ‘अल्-अनॉन’ हा निराळा संघ आहे. एक सभा न रुचल्यास दुसरी पाहावी. दारूवांचून ज्याचे हात कांपूं लागतात, त्यानें मात्र ती एकाएकीं न सोडतां आधीं डॉक्टरांकडे जावें. दारू एकाएकीं तुटल्यानें जीवही जातो.

जवळपासच्या सभांचे वार व वेळा आमच्या कार्यालयांत टेलिफोनशेजारीं टांगल्या आहेत. गेल्या महिन्यांत एका सभेचा वार बदलला. तो आम्हीं स्वहस्तें दुरुस्त केला आहे.