ब्रिटन-सोव्हिएट संबंध व महाराष्ट्र
पहिल्या महायुद्धानंतर भांडवलशाही ब्रिटन व साम्यवादी रशिया यांच्यात जुळलेले, तुटलेले व पुन्हा जुळलेले राजनैतिक संबंध आणि त्यांचे महाराष्ट्रातील पडसाद. या संबंधांचा प्रारंभ १६ मार्च १९२१ च्या व्यापारी कराराने झाला. आशियातील, विशेषतः हिंदुस्थान व अफगाणिस्तानातील, लोकांना ब्रिटिश हितसंबंधांविरुद्ध चिथावणी न देण्याची अट रशियाने त्यात मान्य केली. हिंदुस्थान हा वाटाघाटींचा विषय होता. त्यांतील पक्ष मात्र नव्हता. त्याच वर्षी श्रीपाद अमृत डांगे यांची गांधी व लेनिन यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका मुंबईत प्रसिद्ध झाली.

१९२३ मध्ये परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन यांनी प्रचाराच्या आरोपावरून करार मोडण्याची धमकी दिली. १ फेब्रुवारी १९२४ रोजी मॅक्डोनल्ड यांच्या मजूर पक्षीय सरकारने सोव्हिएट संघास मान्यता दिली. पण त्याच सरकारच्या कारकीर्दीत कानपूर कटाच्या खटल्यात डांगे यांना चार वर्षांची शिक्षा झाली. लंडनमध्ये मॉस्कोशी हस्तांदोलन आणि हिंदुस्थानात मॉस्कोशी संपर्क ठेवणाऱ्यास तुरुंग, ही विसंगती पुढेही कायम राहिली. मे १९२७ मध्ये आर्कोस या सोव्हिएट व्यापारी कंपनीच्या लंडन कचेरीवर छापा पडला व संबंध तुटले. १९२८ च्या मुंबईतील प्रदीर्घ गिरणी संपानंतर, २० मार्च १९२९ रोजी, मीरत खटल्यासाठी धरपकड झाली. तीत डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर प्रभृती मुंबईचे कार्यकर्ते होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनने पुन्हा मॉस्कोशी राजदूतांची देवघेव केली. खटला मात्र चालूच राहिला; १९३३ च्या जानेवारीत लागलेल्या निकालातील जबर शिक्षा अपिलात बऱ्याच घटल्या.

हिटलरच्या उदयानंतर सोव्हिएट धोरण पालटले. १९३४ मध्ये सोव्हिएट संघ राष्ट्रसंघाचा सदस्य झाला आणि १९३५ मध्ये त्याने फ्रान्सशी करार केला. या बदलत्या जगाचे वारे खानदेशापर्यंत पोहोचले ते डिसेंबर १९३६ मध्ये. पूर्व खानदेशातील (विद्यमान जळगाव जिल्हा) फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी स्पेनचे यादवी युद्ध व फॅसिझम यांची चर्चा केली आणि साम्राज्यशाही युद्धात हिंदुस्थानने भाग घेऊ नये, ही भूमिका अधिवेशनाने पुन्हा मांडली. कम्युनिस्ट इंटरनॅशनलमधून १९२९ मध्ये बाहेर पडावे लागलेले व नोव्हेंबरमध्येच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही तेथे उपस्थित होते. अर्थात खानदेशच्या शेतकऱ्यास माद्रिदपेक्षा सारा व सावकारी कर्ज हे विषय अधिक जवळचे होते. फैजपूरचा शेतीविषयक कार्यक्रम त्यामुळेच अधिक गाजला.

२३ ऑगस्ट १९३९ च्या जर्मन-सोव्हिएट करारानंतर येथील साम्यवाद्यांनी युद्धविरोधी भूमिका घेतली. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ संप केला. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण करताच ब्रिटन व रशिया मित्र बनले, आणि जुलै १९४२ मध्ये सरकारने कम्युनिस्ट पक्षावरील १९३४ ची बंदी उठविली.